गोधडीचे ब्लॉक उरलेत, आता काय करायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न माझ्याकडे गोधडी शिकायला येणाऱ्या बायकांचे आहेत. मी नागपूरची, त्यामुळे कोणी इथल्या महाल भागातून येते, कोणी मानेवाड्याहून, कोणी नोकरी सांभाळून. प्रत्येकीच्या घरी एक पिशवी हमखास असते. जोडून, इस्त्री करून तयार झालेले, पण कुठल्याच गोधडीत न गेलेले चौकोन, म्हणजेच ब्लॉक, तिच्यात पडलेले असतात. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. या चौकोनातली निम्मी मेहनत होऊन गेलेली आहे. पुढच्या मोठ्या गोधडीची वाट बघत ते पेटीत ठेवू नका, रोज हाताला लागेल अशी वस्तू त्याची करून टाका.

ब्लॉक उरतातच का? माझा हिशेब चुकतो का?

हिशेब चुकत नाही. नवा नमुना हाताला बसतो का हे बघायला एक-दोन ब्लॉक करावेच लागतात. कधी एखादा रंग बाकीच्यांत मिसळत नाही, म्हणून तो बाजूला पडतो. कधी पलंगाचं माप बदलतं. शिवाय अंदाजानं दोन जास्तीचे करून ठेवायची सवय चांगलीच आहे, ती सोडू नका.

पिशवी उघडली की काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

सगळे ब्लॉक पलंगावर पसरा आणि आधी कापड ओळखा. सुती वेगळं, रेशमी आणि जरीचं वेगळं, टेरिकॉट-पॉलिस्टर वेगळं. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक गोळी होते. हे काम मोरीत किंवा गच्चीवर करा, जवळ पाणी ठेवा.

मग रंग बघा. पांढरं सुती फडकं ओलं करून ब्लॉकवर दाबा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उमटला तर तो रंग कच्चा. गडद लाल, जांभळा आणि निळा यांची परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना पांढऱ्याशेजारी बसवू नका. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण बाजारातल्या रंगांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. कच्च्या रंगाचा ब्लॉक धुवावी न लागणाऱ्या वस्तूसाठी ठेवा.

शेवटी ब्लॉक खिडकीच्या उजेडासमोर धरा. शिवण उसवलेली, कापड विरलेलं, सगळं तिथे दिसतं. एवढं झालं की कोणाचं काय करायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

आठ इंची, नऊ इंची, बारा इंची, सगळी मापं वेगळी आहेत. त्यांची एक गोधडी होईल का?

होईल, आणि मला अशीच गोधडी जास्त आवडते. युक्ती एवढीच की लहान ब्लॉकला चारही बाजूंनी पट्ट्या लावून मोठ्याच्या मापाला आणायचं.

हिशेब नीट समजून घ्या. समजा, एक ब्लॉक माया (शिवणीत आत जाणारी कड) धरून ८½ इंचांचा आहे आणि तुम्हाला तो १०½ इंचांचा हवा आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला १ इंच वाढवायचा. पट्टीच्या दोन्ही कडांना पाव-पाव इंच माया जाते, म्हणून पट्टी १½ इंच रुंद कापायची. मी मात्र १¾ इंच कापते. जोडून झाल्यावर ब्लॉक किंचित मोठा होतो, मग पट्टीनं मोजून चारही बाजूंनी छाटून बरोबर १०½ वर आणते. जुन्या ब्लॉकच्या कडा बहुतेक वेळा थोड्या वाकड्या असतात. तो वाकडेपणा या छाटणीत निघून जातो.

आधी समोरासमोरच्या दोन पट्ट्या लावा, इस्त्री करा, मग उरलेल्या दोन. चारही पट्ट्या लावूनच इस्त्रीला हात घालाल तर ब्लॉक मध्ये फुगतो.

पट्ट्यांचा रंग सगळ्या ब्लॉकना एकच ठेवा. ही गोष्ट मी आग्रहानं सांगते. दहा घरचे दहा ब्लॉक एका गोधडीत बांधून ठेवायचं काम तोच रंग करतो. कोरं मांजरपाट, गडद निळा किंवा गेरूचा लाल, यांतला कुठलाही छान दिसतो. फुलाफुलांचं कापड पट्टीला घेऊ नका, नजर कुठे ठरत नाही.

एकच ब्लॉक आहे हो. एका ब्लॉकचं काय होणार?

पुष्कळ होतं. १२ इंची ब्लॉकची उशी होते: चारही बाजूंनी दोन-दोन इंचांची पट्टी लावा, मागे साडीचं कापड द्या, १६ इंची अभ्रा तयार. भाजीच्या पिशवीला बाहेरून मोठा खिसा होतो. शिलाई मशीनच्या झाकणाचा दर्शनी भाग होतो. देवघरात आसन होतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते, मुली तिच्यापुढे गाणी म्हणतात. तिच्या मागे लावायला असा एक ब्लॉक काठ शिवून ठेवला, तर दरवर्षी क्रेप कागद आणावा लागत नाही.

माझी सगळ्यात लाडकी वस्तू मात्र तान्ह्या पोळ्याची झूल. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगते.

लाकडी नंदीची झूल कशी करायची?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. एकीकडे पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे लेकरं आपापला लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जातात. बाजारात चमकीची तयार झूल मिळते, पण तिची चमकी त्याच दिवशी गळायला लागते. गोधडीच्या ब्लॉकची झूल नातवंडांपर्यंत टिकेल.

माप दोऱ्यानं घ्या. पहिलं माप वशिंडाच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत. दुसरं माप एका बाजूच्या पोटापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या पोटापर्यंत. दोन्ही मापांत अर्धा-अर्धा इंच मायेसाठी मिळवा. घरातल्या मध्यम नंदीला सहा ते आठ इंची ब्लॉक बहुतेक पुरतो. ब्लॉक मोठा असेल तर कापायला घाबरू नका, फक्त नमुन्याचा मध्य बैलाच्या पाठीवर येईल असा कापा.

ब्लॉक आणि अस्तर सुलट बाजू आतल्या अंगाला घेऊन एकमेकांवर ठेवा. गोंडे किंवा घुंगरं लावायची असतील तर त्यांचे दोरे याच वेळी दोन थरांच्या मध्ये, तोंडं आत करून, कच्च्या टाक्यानं अडकवा. तीन बाजू आणि चौथीची अर्धी शिवा, कोपरे तिरके छाटा, उलटवा, आणि उघडी बाजू बारीक टाक्यानं बंद करा. मध्ये वेगळा थर भरू नका. जाड झूल पाठीवर बसत नाही, उचलून येते. पोटाखालून बांधायला दोन्ही बाजूंना नाडी द्या. फेविकॉलनं चिकटवू नका. झूल काढता आली पाहिजे, म्हणजे बैल पुसता येतो आणि झूल धुता येते.

लेकराचं नाव आणि साल आतल्या अस्तरावर दोऱ्यानं काढून ठेवा. पुढे भावंडांत वाटणीची वेळ आली की उपयोगी पडतं.

स्वयंपाकघरात काय करता येईल?

गरम भांडं धरायचं फडकं, कढईखाली ठेवायचं आसन, पोळ्यांच्या डब्यातलं फडकं. पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गरम वस्तूजवळ जाणाऱ्या कामात वरचं कापड, मधला थर, अस्तर आणि दोरा, चारही सुतीच हवेत. बाजारात मिळणारं पांढरं फुगीर फायबर पॉलिस्टरचं असतं. तापलेल्या तव्याला ते लागलं तर वितळून हाताला चिकटतं. मधल्या थरासाठी जुन्या टॉवेलचे दोन तुकडे किंवा जुन्या धोतराच्या पाच-सहा घड्या घ्या. चारही बोटं दाबून उष्णता जाणवते का ते आधी कोमट भांड्यावर बघा, मग कुकरजवळ न्या. ओलं झालेलं फडकं कधीच गरम भांड्याला लावू नका. ओल्या कापडातून चटका फार लवकर लागतो.

पोळ्यांच्या फडक्यासाठी मधला थर नको. ब्लॉक, मागे मऊ सुती साडीचं अस्तर, झालं. वाफ शोषली जाते आणि पोळ्या खालून ओल्या होत नाहीत.

नागपूरच्या उन्हात गोधडी कोण पांघरून राहिलं? उन्हाळ्यात याचा काय उपयोग?

हा प्रश्न दरवर्षी मार्चपासून येतो. पारा ४५ च्या वर जातो हे खरंच. पण कूलर लावून झोपणाऱ्याला विचारा, पहाटे चारला अंगावर काहीतरी ओढावंसं वाटतंच. त्या वेळेला जाड रजई नको असते, चादर पुरत नाही. उरलेल्या ब्लॉकची दोनच थरांची, मध्ये काही न भरलेली दुलई तिथे कामाला येते. आमच्या घरी हिवाळ्यातल्या गोधडीपेक्षा तीच जास्त वापरली जाते.

दुसरा उपयोग पाण्याच्या बाटलीचा. एक लिटरच्या बहुतेक बाटल्यांचा घेर १० इंचांच्या आसपास असतो, म्हणजे १२ इंची ब्लॉक गुंडाळून, शिवून, वर नाडी घालून पिशवी होते. सुती ब्लॉक आणि सुतीच अस्तर घ्या, रंग पक्का असू द्या, आणि निघताना पिशवी बाहेरून भिजवून पिळून घ्या. कापडातलं पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. कूलरचंही तेच शास्त्र आहे, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही पिशवी काम करते आणि जुलैच्या दमट हवेत करत नाही. माठाभोवती गुंडाळायला मात्र एकेरी कापड घ्या. दोन-तीन थरांचं शिवलेलं कापड सतत ओलं राहून कुबट होतं, त्याला बुरशी धरते.

उन्हात उभ्या केलेल्या स्कूटीच्या सीटवर टाकायला चार ब्लॉक जोडून खाली इलॅस्टिक लावलेलं कव्हर करा. बर्डीच्या बाजारातून सामान घेऊन परत आल्यावर त्याचं मोल कळतं.

संक्रांतीच्या वाणासाठी पुष्कळ वस्तू लागतात. एवढे ब्लॉक कुठून आणू?

ब्लॉक कापा. १२½ इंची ब्लॉक मधून उभा-आडवा कापला की ६¼ इंचांचे चार तुकडे मिळतात, आणि प्रत्येक तुकड्यावर नमुन्याचा वेगळा भाग येतो. त्याची कपाखालची आसनं, चष्म्याची पिशवी, सुट्या पैशांचा बटवा, सुया टोचायची उशी, काहीही करा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेव्हा दिवाळीनंतर रोज दोन-दोन केले तरी घाई होत नाही. प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा हे कितीतरी छान, आणि घेणारी ते वापरते.

तयार ब्लॉकला कात्री लावायला जीव होत नाही.

समजतं मला. पण एकदा नऊ चौकोनांच्या ब्लॉकवर करून बघा. ४½ इंचांचे नऊ चौकोन जोडून १२½ इंचांचा ब्लॉक होतो. तो मधोमध उभा आणि आडवा कापा. चारपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन तुकडे अर्धा वळसा देऊन फिरवा आणि चारही पुन्हा जोडा. ब्लॉक अर्धा इंच लहान होतो, पण नमुना असा बदलतो की आधीचा ओळखू येत नाही. मधला चौकोन गडद घेतला असेल तर त्याच्या चार छोट्या तुकड्यांपैकी दोन मध्येच राहतात आणि दोन बाहेरच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. कंटाळवाणा वाटून बाजूला टाकलेला ब्लॉक यात हमखास सुधारतो. वाकडा झालेला ब्लॉकही असाच कापून, छाटून लहान मापात सरळ करता येतो.

रुखवतात ठेवता येईल का?

का नाही? पण मांडून ठेवायचं म्हणून काचमण्यांनी भरू नका. नवरीला तिच्या नव्या घरात वापरता येईल असं द्या. टेबलावरची लांब पट्टी, दोन उशा आणि पोळ्यांचं फडकं, सगळं एका रंगाच्या काठात बांधलेलं, रुखवतात उठून दिसतं. दोन्ही घरच्या साड्यांचे तुकडे त्यात आले तर विहीणबाईही हात लावून बघतात.

बाळासाठी जुन्या कापडाचे ब्लॉक चालतील?

चालतील, किंबहुना जुनं सुती कापडच बाळाला बरं. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. बटणं, टिकल्या, जर, घुंगरं, लांब नाड्या यांतलं काहीही नको. दुपटं, अंथरायची छोटी गादी, मांडीवर घ्यायचं आसन, एवढं पुरे. लहान बाळ झोपलेलं असताना त्याच्या तोंडाजवळ जाड पांघरूण किंवा उशी ठेवू नका, मग ती कितीही प्रेमानं शिवलेली असो.

आजीच्या पेटीत जुने चौकोन सापडलेत. कापड मिलचं आहे म्हणतात. धुवून वापरू का?

थांबा, लगेच धुवू नका. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती १८७७ साली, आणि नंतर कितीतरी वर्षं या शहरात घरटी कोणीतरी गिरणीत कामाला होतं. त्यामुळे जुन्या नागपूरच्या घरांत मिलचं कापड अजूनही निघतं. ते कापड तुमच्या घरचा इतिहास आहे.

उजेडासमोर धरून बघा. कापड घट्ट असेल तर पसरट टबात थंड पाणी आणि सौम्य साबण घेऊन, न चोळता बुडवून काढा, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा. विरलं असेल तर खाली नव्या मलमलचा तुकडा ठेवून दोन्ही बारीक धावदोऱ्यानं एकत्र शिवा. मग सगळा ताण नव्या कापडावर जातो.

फारच नाजूक असेल तर चौकटीत लावा. मागे धुतलेलं कोरं सुती कापड घ्या, त्यावर ब्लॉक टाके घालून बसवा, डिंक वापरू नका. काच कापडाला चिकटू नये म्हणून मध्ये थोडी जागा सोडायला सांगा. आणि ज्या भिंतीवर ऊन येतं तिथे टांगू नका. उन्हानं रंग उडतात, धागाही कुजतो. मागच्या बाजूला कोणाचं कापड आहे हे लिहून ठेवा. आजी असतील तर आजच विचारून घ्या.

रेशमी आणि सुती ब्लॉक एकत्र शिवले तर?

वापरायच्या गोधडीत नको. दोन्ही वेगवेगळे आटतात, आणि पहिल्याच धुण्यात सुरकुत्या पडतात. टसरची करवती साडी फाटली असेल तर तिचे दातेरी काठ अजिबात वाया घालवू नका. विदर्भाच्या विणकरांचं ते काम आहे. त्या काठांचे ब्लॉक पोथीच्या वेष्टणाला, बटव्याला किंवा बैठकीतल्या एखाद्या उशीला वापरा, आणि ती वस्तू घरी धुवू नका.

मशीन नाही. हातानं होईल?

होईल. आपल्या आज्यांनी सगळं हातानंच केलं. धावदोऱ्याचा टाका लहान ठेवा आणि दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्या, शिवण पक्की राहते.

सामान कुठे मिळेल?

अस्तर, मांजरपाट, मलमल यांसाठी इतवारी आणि गांधीबाग. नाड्या, गोंडे, चेन, इलॅस्टिकही इतवारीत मिळतं. मधल्या थराला मात्र विकत काही आणू नका. जुन्या सुती साड्या आणि धोतरं कोणाच्या घरी नाहीत?

अगदी बारीक कातरण उरते, तिचं?

सुती कातरण बारीक कापून सुया टोचायच्या उशीत किंवा बसायच्या आसनात भरा. दोन इंचांपेक्षा मोठे तुकडे त्रिकोणी कापून दोरीवर शिवले की दाराला तोरण होतं. बाकीचं टाकून द्या, सगळंच साठवायचं नसतं.

मला स्वतःला काही नको. ब्लॉक कोणाला देता येतील?

सुटे ब्लॉक देऊ नका, ते पुन्हा कोणाच्या तरी पिशवीत पडतात. पांघरूण करून द्या. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या खाली उतरते, आणि मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांत गावाकडून आलेल्या पेशंटचे नातेवाईक बाहेर, मिळेल त्या जागी झोपलेले असतात. त्यांना पातळ चादर पुरत नाही.

पाच बाय सात फुटांचं पांघरूण एका माणसाला छान होतं. शिवल्यावर १२ इंच भरणारे ३५ ब्लॉक त्याला लागतात, पाच-पाचच्या सात ओळी. चार-पाच जणींनी आपापल्या पिशव्या उघडल्या की एवढे सहज निघतात, आणि मापं जुळत नसतील तर वर सांगितलेल्या पट्ट्या आहेतच. पाठीसाठी एक सुती साडी पुरते. तिचे ९० इंचांचे दोन तुकडे करून लांबीच्या कडेनं जोडा, रुंदी मिळून ६० इंचांच्या वर जाते, जास्तीची छाटा. दुसरी साडी तशीच कापून मधल्या थराला घाला. टाक्यांच्या ओळी तीन-तीन बोटांवर घाला, फार दाट नको, म्हणजे धुतल्यावर एका दिवसाच्या उन्हात वाळतं. रंग गडद घ्या, प्रवासात मळ दिसत नाही. एका कडेला मधोमध दोन नाड्या शिवून द्या. गुंडाळून बांधलं की बसमध्ये हातात धरून गावी नेता येतं.